बटण दाबताना कानात बसणारा ठोका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरज-कुपवाडमधल्या सोसायट्यांचे इंटरकॉम, मार्केट यार्डात हळदीच्या पेढ्यांवरचे फोन, मिरजेतल्या रुग्णालयांची एक्स्टेन्शन आणि वाळवा-तासगाव भागात विहिरीवर बसवलेले मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटार सुरू करणाऱ्या पेट्या) या सगळ्यांबद्दल एकच तक्रार वारंवार कानावर येते. बटण दाबले की सूर उमटतो, पण त्याच्या आधी किंवा नंतर ‘टक्’ असा ठोका बसतो. कुठे तो नुसता कानाला खुपतो, कुठे अंकच चुकवतो. दुरुस्तीवाला बहुतेक वेळा ‘लाइनच खराब आहे’ म्हणून मोकळा होतो, नाहीतर रिसीव्हरच्या दोन टोकांवर एक कंडेन्सर डकवून निघून जातो. यातले एकही बरोबर नाही. हा ठोका सर्किटातच तयार होतो, त्याची कारणे मोजकी आहेत आणि उपाय चार-दोन स्वस्त सुट्या भागांत होतो. रोज हे काम करणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

टोन डायलिंगमध्ये (यालाच डीटीएमएफ म्हणतात) प्रत्येक बटणामागे दोन सूर एकदम वाजतात. आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, तर उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ; १६३३ हर्ट्झची चौथी रांग घरगुती फोनवर नसते. ५ दाबला की ७७० आणि १३३६. एका सुराच्या पटीत दुसरा सूर येऊ नये अशा बेताने हे आकडे निवडलेले आहेत. १९६३ साली अमेरिकेत ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू झाली, तेव्हापासून या आकड्यांत बदल झालेला नाही. डायलर आयसीला, म्हणजे सूर बनवणाऱ्या चिपला, लागणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल हा मुळात अमेरिकन रंगीत टीव्हीसाठी बनणारा. मुबलक आणि स्वस्त असल्यामुळे तोच टेलिफोनमध्ये आला. सूर क्रिस्टलवरून भागाकाराने निघत असल्यामुळे तो सहसा बिघडत नाही. म्हणून ठोक्याची तक्रार आल्यावर डायलर आयसी बदलण्यात पैसे घालवू नयेत.

ठोका येतो तो डीसी, म्हणजे एरवी स्थिर असणारा व्होल्टेज, हलल्यामुळे. गप्प असताना डायलरच्या टोनच्या पायावर शून्य व्होल्ट असतो. बटण दाबताच तो पाय एकदम दीड व्होल्टाच्या आसपास चढतो आणि त्या पातळीवर सूर डोलायला लागतो. पुढच्या टप्प्याला जोडणारा कपलिंग कंडेन्सर डीसी अडवतो हे खरे, पण डीसीची अचानक मारलेली उडी मात्र तो पलीकडे पोचवतो. कंडेन्सर जितका मोठा, तितका वेळ ती उडी पलीकडे रेंगाळते. पुढचा रोध १० किलोओहम (दुकानात आपण १० के म्हणतो) आणि कंडेन्सर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर ४७ मिलिसेकंद. हा ‘धप्प’ असा जाड आवाज असतो. त्याच जागी ०.०४७ मायक्रोफॅरडचा लावला की वेळ अर्ध्या मिलिसेकंदाखाली येतो. उडीची उंची तेवढीच राहते, पण कानाला लागणारा तिचा जोर पार उतरतो. या बदलाने सूर मार खाईल अशी भीती वाटते, म्हणून हिशोब देतो. १० के आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची खालची मर्यादा सुमारे ३४० हर्ट्झ येते. सगळ्यात खालचा ६९७ चा सूर त्यामुळे जेमतेम एक डेसिबलने उतरतो आणि १२०९ चा त्याहून कमी. दोघांतला फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलचा, आणि सूर ओळखून अंक ठरवणाऱ्या डिकोडरला तो सहज पचतो. टोनच्या वाटेवर फक्त टोनच जायचे असताना तिथे मोठा इलेक्ट्रोलिटिक लावायचे काहीच कारण नाही. ६०० ओहमच्या बाजूला हाच हिशोब १ मायक्रोफॅरडला येतो. तिथे २६५ हर्ट्झची मर्यादा मिळते आणि बोलणेही बिनदिक्कत जाते.

दुसरे आणि बहुधा सगळ्यात मोठे कारण म्हणजे म्यूट. डायल करताना रिसीव्हर आणि माइक बंद व्हायला हवेत, नाहीतर पूर्ण ताकदीचा सूर कानात बसेल आणि माइकमधली बडबड सुरात मिसळेल. टीईए १०६२ सारख्या स्पीच आयसीत ही सोय आतच असते. म्यूटचा पाय सक्रिय झाला की माइक आणि रिसीव्हर बंद, डीटीएमएफचा पाय चालू, आणि कानात सुराची अगदी हलकी खूण. या आयसीत म्यूटचा स्वतःचा ठोका नगण्य असतो. तरीही ठोका येत असेल तर दोन जागा बघाव्यात. १०६२ ला म्यूटच्या पायावरचा व्होल्टेज चढल्यावर म्यूट लागते आणि १०६२ए ला उतरल्यावर. बाजारात एकाच्या जागी दुसरा सर्रास बसवला जातो, आणि मग फोन उलटा वागतो: बोलताना बंद, डायल करताना चालू. दुसरी जागा म्हणजे व्हीसीसीवरचा, म्हणजे पुरवठ्याच्या पायावरचा, १०० मायक्रोफॅरड आणि रेग पायावरचा ४.७ मायक्रोफॅरड. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या सेटमध्ये हे दोन्ही सुकलेले निघतात. आयसीला हात लावण्याआधी ते बदलावेत.

साध्या ट्रान्झिस्टरने म्यूट केलेल्या सेटमध्ये खरी मेख क्रमाची असते. म्यूट आधी लागले पाहिजे, मग सूर सुरू व्हावा. सूर संपून सर्किट शांत झाले की मगच म्यूट सुटावे. सूर आणि म्यूट एकाच क्षणी सुटले तर खाली येणाऱ्या डीसीची उडी रिसीव्हरला थेट सापडते. म्हणून बटण सोडतानाचा ‘टक्’ हा जवळजवळ नेहमी म्यूट लवकर सुटल्याची खूण असतो. उपाय सोपा आहे. म्यूटची आज्ञा १एन ४१४८ डायोडमधून १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर घ्यावी आणि कंडेन्सरला समांतर ४७ के लावावा. लागताना डायोड क्षणात कंडेन्सर भरतो, सुटताना मात्र तो ४७ के मधून सावकाश रिकामा होतो. पाऊणशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कुणाच्या लक्षात येत नाही. पाव सेकंद, म्हणजे अडीचशे मिलिसेकंद झाला तर पलीकडच्याच्या ‘हॅलो’चा ‘हॅ’ गायब होतो. तेव्हा कंडेन्सर उगाच १० मायक्रोफॅरडचा लावू नये. बऱ्याच डायलर आयसींचा म्यूट पाय ओपन ड्रेन असतो. वरून १०० के दिल्याशिवाय तो काही दाखवतच नाही, आणि सक्रिय झाल्यावर खाली जातो. तिथे मध्ये एक बीसी ५५७ घालून आज्ञा सुलटी करून घ्यावी लागते.

म्यूटचा ट्रान्झिस्टर कुठे बसवला आहे हेही बघायला हवे. बीसी ५४७ चा कलेक्टर डीसी असलेल्या रेषेवर जोडला की तो दर वेळी तो डीसी जमिनीवर (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या रेषेवर) आपटतो आणि हीच आपट आपल्याला ऐकू येते. कलेक्टरच्या आधी एक कंडेन्सर घालून, कलेक्टरकडून जमिनीला १०० के द्यावा, म्हणजे तिथला डीसी बटण दाबण्याआधीही शून्य आणि नंतरही शून्य. रिसीव्हरच्या पातळीचा आवाज अर्ध्या व्होल्टाच्या आत असतो, तोवर ही मांडणी व्यवस्थित चालते. बेसला आज्ञा थेट न देता ४७ के आणि ०.१ मायक्रोफॅरडमधून, पुढे १० के लावून द्यावी. कडा पाच-एक मिलिसेकंदांत गोल होतात.

सीडी ४०६६ या चिपमधले इलेक्ट्रॉनिक स्विच वापरणाऱ्यांची एक चूक फार ठिकाणी दिसते. ठोका जावा म्हणून कंट्रोलच्या पायावर मोठा आरसी (रेझिस्टन्स-कंडेन्सरची जोडी) लावलेला असतो. आतला स्विच त्यामुळे हळू उघडत नाही, तो फक्त उशिरा उघडतो आणि तेवढ्याच झटक्याने. करायचे ते वेगळे आहे. १० के च्या दोन रेझिस्टन्सने निम्मा व्होल्टेज बनवून त्यावर ४७ मायक्रोफॅरड ठेवावा आणि स्विचच्या दोन्ही बाजू शंभर-शंभर के मधून त्या निम्म्या व्होल्टेजला बांधाव्यात. बाहेरचे कपलिंग कंडेन्सर त्याच्या पलीकडे. दोन्ही बाजूंचा डीसी सारखा असला की स्विच उघडो वा मिटो, उडी मारायला जागाच उरत नाही.

तिसरे कारण वीजपुरवठा. फोन लाइनवरच जगतो: ठेवलेला असताना ४८ व्होल्ट, उचलल्यावर २०-४० मिलिअँपिअरवर सहा ते दहा व्होल्ट. सूर सुरू झाला की डायलर थोडा जास्त प्रवाह ओढतो, पुरवठा क्षणभर दबतो आणि त्याच पुरवठ्यावर पोसलेला इलेक्ट्रेट माइक तो दाब आवाज म्हणून पुढे पाठवतो. माइकच्या २.२ के च्या वर आणखी १ के घालून, दोघांच्या सांध्यावरून जमिनीला ४७ मायक्रोफॅरड दिला की हा रस्ता बंद होतो.

बटणांबद्दल थोडक्यात. रबरी बटणाखालची कार्बनची गोळी नवी असताना शे-दोनशे ओहम दाखवते. मीटर हजारांत जाऊ लागला की बटण धरून ठेवले असतानाच कर्रकर्र ऐकू येते, कारण सूर मध्येच तुटून परत जुळत असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढेच वापरावे. थिनरने रबर फुगतो, पॉलिश पेपरने गोळी झिजते आणि पेन्सिलीचे शिसे चार दिवसांत उडून शेजारच्या पट्टीवर पसरते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेले सेट आणि भिंतीवरचे रोझेट (फोनची तार जोडायचे डबे) अजून काही घरांत वापरात आहेत. गाळाचा अंश पट्ट्यांमध्ये राहतो आणि दमट हवेत रोध खाली आणतो. असा सेट साबणाच्या कोमट पाण्याने ब्रशने धुऊन, अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा. हिरवे पडलेले रोझेट मात्र बदलूनच टाकावेत.

दोष कुठे आहे हे नुसत्या कानाने बरेचसे कळते. ५ दाबून दोन सेकंद धरा आणि सोडा. ठोका फक्त दाबताना असेल तर डीसीची उडी किंवा पुरवठा, फक्त सोडताना असेल तर म्यूट, धरून असताना कर्रकर्र असेल तर बटण. १, २, ३ वर होतो आणि बाकीच्यांवर नाही, तर त्या ओळीची पट्टी किंवा तिचा सोल्डर. ठोका पलीकडच्यालाही ऐकू येतो का ते विचारा. येत नसेल तर शोध रिसीव्हरच्या बाजूला घ्यायचा. मग मीटर डीसीवर ठेवून म्यूटच्या ट्रान्झिस्टरच्या किंवा स्विचच्या बाहेरच्या टोकावर बटण दाबत-सोडत बघा. आकडा दहा-वीस मिलिव्होल्टपेक्षा जास्त हलला की चोर तिथेच आहे. आवाज ऐकून दोष शोधायचा छोट्या अँप्लिफायरचा ट्रेसर लाइनवर लावत असाल तर पुढे ०.१ मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा कंडेन्सर हवाच. रिंग आली की लाइनवर ७५ व्होल्ट आणि त्याहून जास्त एसी असतो.

आता रिसीव्हरवरच्या त्या प्रसिद्ध कंडेन्सरबद्दल. दीडशे ओहमच्या रिसीव्हरवर १ मायक्रोफॅरड लावला की हजार हर्ट्झच्या वरचा आवाज पडायला लागतो. ठोका मऊ होतो, पण ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने त्याच्याबरोबर जातात आणि माणूस घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. ज्यांना आधीच कमी ऐकू येते अशा वृद्धांवर हा सरळ अन्याय आहे. रुग्णालयात खोलीतून नर्सला निरोप देताना औषधाचे नाव चुकीचे ऐकले जाणे ही काही लहान गोष्ट नव्हे. याउलट रिसीव्हरवर उलटसुलट जोडलेले दोन १एन ४१४८ जरूर असावेत. ते अर्ध्या-पाऊण व्होल्टाच्या वरचा झटका कापतात आणि नेहमीच्या बोलण्याला हात लावत नाहीत. जुन्या सेटमध्ये हे काम करणारा व्हॅरिस्टर असायचा. दुरुस्तीत तो काढून परत न लावणे हा कानाशी केलेला हलगर्जीपणा आहे. मात्र डायोड हे संरक्षण झाले. ठोक्याचे मूळ त्याने जात नाही.

फायबर आलेल्या घरात तांब्याची तार भिंतीवरच्या मोडेमपर्यंतच असते. सूर मोडेम ओळखतो आणि बहुतेक वेळा आवाजातून काढून वेगळ्या पॅकेटने पुढे पाठवतो. तिथे अंक दोनदा उमटत असेल तर सूर आवाजातूनही जातो आहे आणि पॅकेटनेही. मोडेमच्या सेटिंगमधली डीटीएमएफची पद्धत एकच ठेवायला सांगावी. फोन उघडायची गरज नाही.

मायक्रोकंट्रोलरवर टोन बनवणाऱ्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी एवढेच: पीडब्ल्यूएम (स्पंदांच्या रुंदीने टोन घडवणारा आउटपुट) कधीही बंद करू नका. गप्प असताना तो मधल्या आकड्यावर, ८ बिटला १२८ वर, चालूच ठेवा. टोनची उंची ८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगला वीस-तीस पायऱ्यांत चढवा आणि तशीच उतरवा. पुढे १ के आणि ०.०२२ मायक्रोफॅरडच्या दोन पायऱ्यांचा फिल्टर. म्यूट टोनच्या १० मिलिसेकंद आधी लावा, २० मिलिसेकंद नंतर सोडा. हे चार नियम प्रोग्रॅममध्ये लिहिले तर फिल्टर सोडून एकही सुटा भाग न वाढवता ठोका जातो.

शेवटी मोबाईल स्टार्टर, कारण तिथे ठोक्याची किंमत शेतकरी मोजतो. रात्रीची लाइट आली की घरून फोन लावायचा, संकेतांक दाबायचा आणि मोटार सुरू करायची, ही सोय नदीकाठापासून द्राक्षबागेपर्यंत सगळीकडे पोचली आहे. मोबाईलवर बटण दाबताना स्वतःच्या कानात येणारा सूर हँडसेट वाजवतो. जीएसएममध्ये पलीकडे जाणारा सूर एक्स्चेंजमध्ये तयार होतो. त्यामुळे आपला मोबाईल बदलून फरक पडत नाही. बिघाड विहिरीवरच्या पेटीत असतो. टूजी मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. पुरवठा दबतो, सूर मध्येच तुटतो आणि ८८७० डिकोडर एका ५ चे दोन ५ मोजतो. संकेतांक चुकतो, मोटार सुरू होत नाही आणि पाण्याची पाळी जाते. मॉड्यूलच्या अगदी पायांपाशी १००० मायक्रोफॅरडचा चांगला, कमी अंतर्गत रोधाचा कंडेन्सर असायलाच हवा. लांब तारेवर दूर बसवलेला उपयोगाचा नाही. ८८७० च्या इनपुटला १०० के बरोबर बहुतेक जण ०.१ मायक्रोफॅरड लावतात. तिथे ०.०१ किंवा ०.००४७ लावला की ५० हर्ट्झची गुणगुण आणि जाड ठोके दाराबाहेरच राहतात, टूजीची २१७ हर्ट्झची कर्रकर्रही कमी होते. इनपुटची तार शील्डची घ्यावी आणि शील्ड एकाच टोकाला जमिनीला जोडावी.

त्याच आयसीच्या १६ आणि १७ पायांमधला रेझिस्टन्स ३०० के असतो, १७ आणि १८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. या जोडीने डिकोडर सूर सुमारे तीस मिलिसेकंद टिकला की अंक मान्य करतो, आणि वीसेक मिलिसेकंदांची तूट पोटात घालतो. रेझिस्टन्स ६८० के केला की हे आकडे साठ आणि पन्नासच्या आसपास जातात. मधला ठोका मग अंक तोडू शकत नाही. शेतकऱ्याला फक्त सांगावे लागते की बटण जरा दाबून धरा आणि दोन अंकांत घाई करू नका.

कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) ओढताना किंवा सुटताना होणारा स्पार्कही ऑडिओत शिरतो आणि मोटार चालू होताच फोन तुटतो किंवा मॉड्यूल रीसेट होते. छोट्या रिलेच्या डीसी कॉइलवर उलटा १एन ४००७ आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम, २ वॅट व ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत लावावा. इथे एक इशारा कळकळीने द्यायचा आहे. थ्री फेजच्या ४१५ व्होल्टच्या कॉइलवर २७५ व्होल्टचा एक्स-२ कंडेन्सर लावू नका. तो फुटतो, आणि पेटी बहुधा ओल्या हातांनी उघडली जाते. ४४० व्होल्ट एसी लिहिलेलाच घ्या आणि काम करण्याआधी मेन स्विच खाली ओढून टेस्टरने तिन्ही फेज तपासा.

सोसायटीच्या समित्यांना आणि रुग्णालयांच्या देखभाल विभागांना विनंती आहे की इंटरकॉम दुरुस्तीचे बिल मंजूर करण्याआधी तंत्रज्ञाला समोर उभे करून १ पासून ० पर्यंत प्रत्येक बटण दोन सेकंद दाबून दाखवायला सांगा, एकदा इकडच्या रिसीव्हरवर आणि एकदा पलीकडच्या. जिल्ह्यात मोबाईल स्टार्टर बनवणाऱ्या लघुउद्योजकांनी वर स्टार्टरसाठी सांगितलेले भाग पहिल्यापासून प्लेटवर घ्यावेत, आणि कॉन्टॅक्टरचा कंडेन्सर किती व्होल्टचा आहे हे पेटीच्या झाकणावर मराठीत छापावे.

कळावे,
आपले,
टेलिफोन व इंटरकॉम दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ,
विश्रामबाग, सांगली